नव्या माशाचे पंधरा दिवस

आमच्या पडवीत काचेची एक पेटी आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. तीत सात मासे आहेत. घरी पाहुणा आला की चहा येईपर्यंत त्याची नजर पेटीवर जाते आणि बहुधा तो एकच प्रश्न विचारतो, "गुरुजी, एवढ्या पाण्यात एवढेच मासे?" प्रश्नात किंचित कीव असते. मास्तराचा पगार तो मनातल्या मनात मोजत असावा. मी हसून वेळ मारून नेतो, कारण खरे उत्तर द्यायचे तर चहा निवून जाईल. दिवाळीत वाचक निवांत बसलेला असतो, म्हणून ते उत्तर आज द्यायचे योजले आहे.

मी मूळचा मुरबाड तालुक्यातला. आमच्याकडे मासा म्हणजे वलगणीचा. पहिला जोराचा पाऊस झाला की ओढ्याच्या लोंढ्यावर चढून मासे भातखाचरांत येतात. रात्री बत्ती घेऊन ते धरायचे आणि सकाळी त्यांचे कालवण करायचे, एवढेच मासा आणि मी यांचे नाते होते. शाळेच्या सहलीत मुंबईला गेलो, तेव्हा १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिले. मासा नुसता बघण्यासाठीही असतो हे मला तिथे प्रथम कळले. काचेपुढून हलायला मी तयार नव्हतो, आणि आमच्या मास्तरांनी मला कान धरून बाहेर आणले होते.

पुढे शहापूर तालुक्यात नोकरी लागली, संसार थाटला आणि यथावकाश पेटीही आली. पहिले चार मासे फुकटचे होते. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याची माणसे विहिरींत आणि टाक्यांत गप्पी मासे सोडतात, त्यांतलेच ते. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याकडचा. पण इथे असा रुळला आहे की, तो गप्प बसतो म्हणून गप्पी, असे आमच्या वर्गातली पोरे बेधडक सांगतात. गप्पीची मादी अंडी घालीत नाही, जिवंत पिल्ले देते. आणि नराची एकदाची गाठ तिला पुढच्या कित्येक वेतांना पुरते. चाराचे तीस व्हायला वर्ष लागले नाही. मग मुलीच्या वाढदिवसाला कल्याणहून काळे मॉली आणले. निरोप समारंभाला सातवीच्या मुलांनी वर्गणी काढून दोन गोल्डफिश दिले. एका पोराने औषधाच्या बाटलीत घालून कुठलासा मासा आणला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमच्याकडे मजेत राहील." नाही म्हणणे माझ्या जिवावर येई. देणाऱ्याचे मन मोडू नये आणि आलेल्याला आसरा द्यावा, हे आपल्या अंगी मुरलेले असते. पेटीत पन्नासाच्या वर मासे झाले. पाणी दिसेना, नुसती चमचम दिसे, आणि मला त्याचा अभिमान वाटे.

एका एप्रिलात बाजारातून आणखी दोन मासे आणले आणि पिशवी सरळ पेटीत उपडी केली. चौथ्या दिवशी एकाच्या परावर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसले. सहाव्या दिवशी ते सगळ्यांच्या अंगावर होते. त्यातच रात्री वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला. सकाळी उठून पाहतो तो मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडे उघडून उभे. दहाव्या दिवशी पेटीत तीन गप्पी उरले. मी परसात खड्डा खणीत होतो आणि मुलगी विचारत होती, "बाबा, कुणी मारले?"

मारले मीच होते. पण कशाने, हे कळायला मला बरेच दिवस लागले. मी विज्ञानाचा मनुष्य नव्हे. कादंबऱ्या लिहिणारा मास्तर आहे. तरी हिशेब मला येतो, आणि हे सारे प्रकरण मुळात हिशेबाचेच निघाले.

दोन घनफूट पेटीत सुमारे छप्पन्न लिटर पाणी मावते. तळाची वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करा, पन्नासही उरत नाही. मासा त्याच पाण्यात श्वास घेतो आणि त्याच पाण्यात आपला मळ टाकतो. त्या मळातला अमोनिया म्हणजे विष. ते विष पचवणारे सूक्ष्म जंतू वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजावर वाढतात. ते अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि नायट्राइटही विषारीच. त्यापुढचे दुसरे जंतू त्याचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करतात, आणि ते आपण पाणी बदलून बाहेर काढायचे. ही जंतूंची वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो आणि तिचीही ताकद ठरलेली असते. एका दिवसात दहा मासे वाढले म्हणून ती एका दिवसात वाढत नाही. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि मासे मात्र जास्त मागतात. आमच्या तालुक्यातला एप्रिल म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

चार लिटर पाण्याला एक इंच मासा, असा जुन्या हौशी लोकांचा एक ढोबळ ठोकताळा आहे. तो लहान माशांपुरता ठीक. पण लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होते, हे आपण मुलांना घनफळाच्या धड्यात शिकवतोच. आज बोटभर असलेला गोल्डफिश उद्या वीतभर होणार. तो आणतानाच उद्याचा मोजून आणायला हवा. मी मोजत होतो ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांतली शोभा. पाणी मोजायचे राहिले होते.

पाण्याला आमच्याकडे आणखी एक हिशेब आहे. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण आमच्याच भागात आहे, भातसाही इथेच आहे. त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात तालुक्यातली कित्येक गावे टँकरची वाट पाहतात. आठवड्याला पेटीतले चौथा हिस्सा पाणी बदलायचे, म्हणजे बरोबर एक हंडा. तो हंडा माझी बायको आणते. टीसीएल टाकलेले पाणी दिवसभर उघडे ठेवून मग पेटीत घालायचे, आणि काढलेले पाणी वांग्याच्या वाफ्याला जाते. म्हणून ते वाया जात नाही. तरी तो हंडा डोक्यावरून येतो हे मी विसरू शकत नाही. पन्नास मासे असते तर रोज हंडा लागला असता. माझ्या औदार्याचे ओझे दुसऱ्याच्याच डोक्यावर होते! आपल्या बऱ्याच औदार्यांचे असेच असते, नाही का?

आता त्या पांढऱ्या ठिपक्यांविषयी. तो एक परजीवी आहे. माशाच्या कातडीखाली तो वाढतो, पिकला की गळून तळाशी बसतो, आणि तिथे एका वेष्टनात फुटून त्याचे शेकडो जीव होतात. ते पाण्यात मासा शोधीत हिंडतात आणि दोनएक दिवसांत सापडला नाही तर मरतात. औषध लागू पडते ते याच मोकळ्या अवस्थेत. म्हणजे ठिपका डोळ्यांना दिसला तेव्हा आपल्याला बराच उशीर झालेला असतो. उबदार पाण्यात हे चक्र आठवड्याच्या आत फिरते. म्हणून नवा मासा निदान पंधरा दिवस वेगळ्या टबात ठेवावा, महिना ठेवला तर उत्तम, असा नियम आहे. साधा प्लास्टिकचा टब चालतो.

हा नियम मला कळला तेव्हा वाटले, अरे, हे तर आमच्या वडिलांना ठाऊक होते. म्हशाच्या जत्रेतून ते बैल आणीत. वाटेत बैलाच्या पाठीवरून सारखा हात फिरत असे, इतका जीव. पण घरी आल्यावर त्याला गोठ्यात घेत नसत. अंगणाच्या कडेला मांडवाखाली बांधीत, त्याची बादली वेगळी, दावण वेगळी. लाळ-खुरकुताची धास्ती होती. आणि रोज सकाळी स्वतः उठून पहिली वैरण त्या बैलाला घालीत. २०२२ साली लम्पी रोग आला आणि जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा मला तो मांडव आठवला. बाळंतिणीची सव्वा महिन्याची खोली तरी दुसरे काय आहे? व्हेनिसच्या लोकांनी जहाजे चाळीस दिवस थांबवली म्हणून क्वारंटाईन हा शब्द झाला. आमच्या आजीबाईंनी तितकेच दिवस शेगडी आणि डिंकाचे लाडू घेऊन काढले.

पण त्याच घरात, त्याच आजीबाई, दर महिन्याला 'कावळा शिवला' म्हणून सुनेला दाराबाहेर बसवीत. तेही वेगळे ठेवणेच. मग दोन्हींत फरक कोणता? हा प्रश्न मला माशांनी विचारला नाही. तो २०२० साली माझ्या शाळेने विचारला.

त्या मार्चात टाळेबंदी झाली. मुंबई-आग्रा रस्त्याने माणसे चालत कसाऱ्याकडे निघाली. आमच्या शाळेची एक खोली विलगीकरणासाठी घेतली होती आणि तिची किल्ली माझ्याकडे होती. गाव कोणते ते सांगत नाही. त्या वर्षी अशी गावे थोडी नव्हती. मुंबईत बिगारी काम करणारे एक जोडपे, सोबत पाच वर्षांची मुलगी, पायी गावी परतले. चौदा दिवस ती त्या खोलीत राहिली. मी लांबून विचारपूस करी, मुलीला गोष्टींची पुस्तके दिली. कुणाला काही झाले नाही. पंधराव्या दिवशी मी कुलूप काढले आणि माझे कर्तव्य संपले असे समजलो.

त्या दिवशी ती बाई हंडा घेऊन विहिरीवर गेली. बाकीच्या बायका बाजूला झाल्या. कुणीतरी म्हणाले, "आणखी थोडे दिवस घरातच बसा." दुसऱ्या दिवशी रहाटाचा दोर काढून ठेवलेला होता. हे दीड महिना चालले. ती ओढ्यात झरा उकरून वाटीवाटीने पाणी भरी. शाळेच्या ओसरीवरून मला रोज दिसे. मी एका शब्दाने बोललो नाही. गावाचा मामला आहे, मास्तराने त्यात पडू नये, अशी मी माझी समजूत घातली. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, हेही मला माहीत होते. आमच्या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच्या मागोमाग आमची माणसेही जातात. ती परत आली तेव्हा आम्ही विहिरीचा दोर काढून ठेवला.

तेव्हापासून मला फरक कळला आहे. वेगळे ठेवणे आणि वाळीत टाकणे ही दोन्ही एकाच दारातून आत येतात, म्हणून त्यांना ओळखायला खुणा लागतात. पहिली खूण मुदत. टबातल्या माशाचा दिवस ठरलेला असतो. वाळीत टाकलेल्याचा नसतो. दुसरी खूण पाणी. टबात मी चांगले मुरलेले पाणी घालतो, जुन्या पेटीतल्या गाळणीच्या स्पंजाचा एक तुकडा त्यात सोडतो, म्हणजे घरच्या जंतूंची वस्ती पाहुण्याच्याही कामी येते. जो वेगळा ठेवतो त्याने आपल्यातले काही द्यावे लागते. तिसरी खूण नजर. टबाकडे मी पेटीपेक्षा जास्त वेळा पाहतो. वाळीत टाकलेल्याकडे गाव बघतच नाही. आणि हेही ध्यानात घ्यावे की टब नव्या माशासाठीही असतो. तो पिशवीत कोंडून, धक्के खात आलेला असतो. पेटीतल्या जुन्यांनी त्याला पहिल्याच दिवशी हुसकावले असते. त्याला विसावा हवा असतो. आणि पंधरा दिवस झाल्यावर तो आत गेला की तो नवा राहत नाही.

कुणी म्हणेल, गुरुजी, माणसे म्हणजे मासे नव्हेत. मान्य. म्हणूनच या उपमेला मी स्वतः एक कुंपण घालतो. पेटी भरली असे म्हणण्याचा अधिकार मला आहे, कारण ती काच मी आणली, मासे मी आणले, आणि मेले तर दोष माझा. गाव भरले असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. गावाला काच नसते. नियम म्हणून त्या बाईला चौदा दिवस वेगळे ठेवले यात अन्याय नव्हता. पंधराव्या दिवशी मी दोर परत बांधला नाही, तो अन्याय होता. आणि मासे पाळूच नयेत असे कुणी म्हणाले तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण एकदा आणल्यावर, जड झाले म्हणून काळू नदीत किंवा भातसाच्या पाण्यात सोडणे हा मार्ग नव्हे. परका मासा तिथे एक तर मरतो, नाही तर तिथल्यांना मारतो. गप्पीची पिल्ले फार झाली की मी नर आणि माद्या वेगळ्या करतो, आणि आणखी मासे घेत नाही.

नाही म्हणायला शिकलो, ते इतके उशिरा. नाही म्हणणेही मायेचे असू शकते, आणि हो म्हणणे नुसत्या हौसेचे.

गेल्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीने बरणीत एक मॉली आणला. मी तिला पेटी दाखवली, हिशेब मांडून दाखवला. एका माशापुरती जागा आहे असे तिनेच सांगितले. मग तिच्याच हाताने तो टबात सोडला आणि भिंतीवर खडूने तारीख लिहिली. रोज शाळा सुटल्यावर ती येते, टबापाशी उकिडवी बसते आणि ठिपके आहेत का पाहते. जाताना भिंतीवर एक रेघ ओढते.

आज अकरावी रेघ झाली.