सोळा टक्के श्रमदान

पाणीपुरवठा योजनेच्या फाइलमध्ये हल्ली एक कागद हमखास असतो, लोकवर्गणी भरल्याचा. जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गावांतर्गत कामांच्या खर्चातला १० टक्के वाटा गावाने उचलायचा असतो. डोंगराळ आणि वनक्षेत्रातली गावे, तसेच अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या निम्म्याहून अधिक असलेली गावे यांना ५ टक्के. हा वाटा अनेक ठिकाणी ठेकेदारच भरून मोकळा होतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. ग्रामसभेच्या ठरावावरच्या सह्याही मागाहून गोळा होतात. कागद फाइलला लागला की फलकावर ‘लोकसहभागातून’ असे रंगवता येते. हे वाचताना मला संताप येतो, आणि तो फक्त लबाडीचा नाही. लोकांनी स्वतःच्या खिशातून, प्रामाणिकपणे दहा टक्के भरले असते, तरी नळ कुठून जावा, टाकी कुठे बांधावी, काम कुणाला द्यावे यांतले काहीच त्यांनी ठरवले नसते. मग त्यांचा सहभाग नेमका कशात होता?

बाहेरच्या पैशातून गावची कामे उभी करायची आणि त्यात गावाचाही हात लागावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. अल्बर्ट मेयर यांचा इटावा जिल्ह्यातला ग्रामविकासाचा प्रयोग १९४८चा. त्या धर्तीवर २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ ठिकाणी सामुदायिक विकास योजना सुरू झाली. तिच्यामागे अमेरिकी तांत्रिक सहकार्याचा आणि फोर्ड फाउंडेशनचा पैसा होता. ग्रामसेवक आले, गटविकास अधिकारी आले, रस्त्यांसाठी आणि शाळांसाठी श्रमदानाचे सप्ताह झाले. पाच वर्षांत बळवंतराय मेहता समितीने सांगून टाकले की लोकांचा पुढाकार यातून जागा झालेला नाही, आणि निवडून आलेल्या संस्थांकडे अधिकार दिल्याशिवाय तो होणारही नाही. १ मे १९६२ रोजी आपल्याकडे जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या, त्या याच वाटेने. हे सर्वपरिचित आहे.

१९७२च्या दुष्काळाने विषयाला वेगळे वळण दिले. वि. स. पाग्यांची रोजगार हमी योजना सरकारी पैशाची होती. तिने माणसांच्या हाताला काम दिले. पण बांध कुठे घालायचा हे गावाला विचारणे तिच्या रचनेत नव्हते. दुसरीकडे पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभारली. तिच्याकडे पुन्हा यावे लागेल, म्हणून इथे फक्त नाव नोंदवतो.

मला थांबायचे आहे ते इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमापाशी. नगरच्या सोशल सेंटरचे स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांच्या खटपटीतून १९८९मध्ये त्याची बोलणी झाली आणि १९९२च्या सुमारास प्रत्यक्ष कामे निघाली. जर्मन सरकारचे अनुदान केएफडब्ल्यू आणि जीटीझेड या संस्थांमार्फत येई. मुख्य कामांचा पैसा नाबार्डच्या हातून जाई. गावांची तयारी करून घेण्यासाठी १९९३मध्ये ‘वॉटर’ ही संस्था निघाली. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे त्यातले सर्वांत जास्त दाखवले गेलेले गाव.

या कार्यक्रमाची अट सगळ्यांना पाठ आहे. अकुशल मजुरीच्या सुमारे १६ टक्के इतके श्रमदान गावाने करायचे. शिवाय कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. पुढे ज्यांनी ज्यांनी या कार्यक्रमाचे गोडवे गायले, त्यांनी या १६ टक्क्यांचा एकच अर्थ लावला. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत नसते, थोडे आपले गेले की माणूस जपतो. हा अर्थ इतका सोपा आणि अंदाजपत्रकात बसवायला इतका सोयीचा होता की त्याची शहानिशा कुणी केली नाही.

त्या अटीतच एक सूट होती. भूमिहीनांना आणि एकट्या पालकाच्या गरीब घरांना श्रमदान माफ होते. आपुलकी वाटावी म्हणून श्रम घ्यायचे असतील, तर ज्यांना गावाची सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच वगळण्याचे कारण काय? कारण सरळ आहे. बांधबंदिस्ती ज्याच्या शेतात होणार, विहिरीला पाणी ज्याच्या येणार, त्याने श्रम द्यायचे. शेतमजुराने शेतमालकाच्या बांधावर फुकट राबावे, हा त्यागाचा उत्सव या रचनेला मान्य नव्हता. पूर्वीच्या श्रमदान सप्ताहांत नेमके तेच घडत असे. ज्याच्याकडे बैलगाडी आणि सवड दोन्ही होती तो मुकादमी करी, आणि घमेले उचलण्याचे काम वाड्यावस्त्यांवरच्यांकडे जाई.

दुसरी गोष्ट क्रमाची. श्रमदान आधी आणि अनुदान नंतर. कार्यक्रमात घ्यायचे की नाही, हे गावाने चराईबंदी पाळून, श्रमदान करून दाखवल्यावर ठरे. ही खर्चाची बचत नव्हती. गाव एकमेकांशी बोलू शकते का, याची ती परीक्षा होती. माथ्यावरच्या चरांपासून पायथ्याच्या बंधाऱ्यापर्यंत काम करायचे, तर वरच्याने आपल्या जमिनीत सलग समतल चर खणू दिल्याशिवाय खालच्याला पाणी मिळत नाही. हा सौदा गावाने आपापसात मिटवायचा, बाहेरच्याने नाही. आणि तो मिटला नाही, तर पैसा येत नसे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जमिनीच्या प्रत्येक गटावर शेतकरी नवरा-बायकोला सोबत घेऊन शिवारफेरी होई, आणि त्यांच्या शेतात काय करायचे हे त्यांच्या संमतीने आराखड्यात लिहिले जाई. शेतकरी ‘माझ्या शेतात हा बांध नको’ म्हणू शके, आणि आराखडा बदले. पैसा ग्राम पाणलोट समितीच्या खात्यात येई. खाते समिती आणि सहायक स्वयंसेवी संस्था मिळून चालवत. म्हणजे गावाला नाही म्हणता येत होते आणि हिशेब विचारता येत होता. १६ टक्क्यांचे वजन होते ते यामुळे.

नक्कल झाली ती टक्केवारीची. २००२च्या डिसेंबरात आलेल्या पिण्याच्या पाण्याच्या स्वजलधारा योजनेत दहा टक्के, जागतिक बँकेच्या कर्जातल्या जलस्वराज्यमध्ये दहा टक्के, आज जल जीवन मिशनमध्ये दहा टक्के. ठराव झाला, वाटा भरला, काम निघाले, एवढेच मोजले जाऊ लागले. आधी गावाची तयारी आणि मग पैसा, हा क्रम उलटला. भूमिहीनांची सूट तर गळूनच गेली. अनुसूचित जाती-जमातींचे बहुमत असलेल्या गावाला सवलत आहे. पण मोठ्या गावातल्या चार गरीब घरांना ती आपोआप मिळत नाही, कारण गाव हे आता एकच एकक धरले जाते. नाबार्डने १९९९-२००० मध्ये २०० कोटींचा पाणलोट विकास निधी उभारून जर्मन रचना पुढे नेली, हे मान्य करायला हवे. पण सरकारच्या मोठ्या योजनांत उरला तो वर्गणीचा भाग.

या कार्यक्रमाची मी भलामण करतो म्हणून त्याची उणीव झाकणार नाही. चराईबंदीचा भार शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांवर पडला. गवत वाढेपर्यंतची वर्षे त्यांनी कशी काढायची, याचे उत्तर मजुरीखेरीज फारसे नव्हते. आणि पाणी वाढले ते ज्याच्या जमिनीखाली साठले त्याचे झाले. काम करण्याआधी गावाची संमती काळजीपूर्वक घेतली गेली. कामानंतर आलेले पाणी कुणी किती उपसायचे, याबद्दल तेवढा बांधील करार झाला नाही. मग बोअर खोल गेले.

साळुंखे यांनी हा प्रश्न जर्मन पैसा येण्याआधीच घेतला होता. पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर ठरे. भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क असे. उसाला मनाई होती. योजनेच्या खर्चाचे २० टक्के लाभधारक देत, पण ते देताना आपल्या वाट्याला किती पाणी येणार हे त्यांना आधी माहीत असे. त्या २० टक्क्यांची नक्कल करायलाही हरकत नव्हती, पण तिच्याबरोबर वाटपाचा नियम उचलावा लागला असता. तो नियम मोठ्या बागायतदाराला अडचणीचा आहे. २००९च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात खोल विहिरींवर बंधन आणि पाण्याच्या उपलब्धतेनुसार पीक आराखडा, या दोन्ही तरतुदी आहेत. पाणलोटाच्या आणि नळयोजनेच्या पुढच्या प्रत्येक अनुदानाला वर्गणीऐवजी याच तरतुदींच्या धर्तीवर अट घालावी: उपशाचा करार ग्रामसभेत आधी व्हावा, भूमिहीनांचा वाटा त्यात लिहिलेला असावा, आणि तो होईपर्यंत निविदा निघू नये.