जाणे आणि नेले जाणे

मुलांच्या शाळेबद्दल बोलताना मराठी क्रियापद बरंच काही सांगून जातं. ‘तुमची मुलगी कुठल्या शाळेत जाते?’ असं आपण सहज विचारतो. पण त्या मुलीला चालता येत नसेल, किंवा हॉर्नच्या आवाजाने ती भर रस्त्यात खाली बसत असेल, तर प्रश्न बदलतो: ‘तिला शाळेत कोण नेतं?’ पहिल्या वाक्यात मुलगी कर्ता आहे, दुसऱ्यात कर्म. हा फरक व्याकरणापुरता आहे का? आणि नसेल, तर तो मिटवायची जबाबदारी कोणाची?

मी निवृत्त शिक्षिका. गेल्या जूनपासून जुना जालन्यातल्या पाच मुलांसाठी एक गाडी ठरवण्याच्या खटपटीत आहे. शाळा कुंडलिकेच्या पलीकडे, नव्या जालन्यात. मोठी स्कूलबस गांधी चमनपर्यंत येते. आतल्या बोळांत ती वळत नाही. इतर मुलांना थांब्यापर्यंत पाच मिनिटं लागतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आई कडेवर घेऊन निघते, तेव्हा तेवढ्याच वाटेत तिला दोनदा टेकावं लागतं. एकदा कोणाच्या तरी ओट्यावर, एकदा किराणा दुकानाच्या पायरीवर.

कायद्याने अंतर मोजून ठेवलं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालचे नियम सांगतात की पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी. हा किलोमीटर कोणाच्या पायांनी मोजायचा? अमर्त्य सेन यांनी १९७९ साली ‘इक्वॅलिटी ऑफ व्हॉट?’ या व्याख्यानात याच्या मुळाशी असलेला प्रश्न मांडला होता. दोघांना सारखी साधनं दिली म्हणून दोघांना सारखं हिंडताफिरता येतं असं नाही. अपंग माणसाला तेवढंच करायला जास्त लागतं. म्हणून काय दिलं हे मोजून भागत नाही, त्यातून माणसाला काय करता आलं हे पाहावं लागतं. नकाशावर पाचही मुलांची शाळा बऱ्यापैकी जवळच आहे. त्यांच्या आयांच्या कमरेला विचारलं, तर उत्तर वेगळं येतं.

हे कायद्याला अगदीच उमगलेलं नाही असं नाही. अमेरिकेने १९७५ च्या कायद्यात अपंग मुलांची ने-आण ही शिक्षणाला जोडलेली सेवा म्हणूनच धरली. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १६ मध्ये दिव्यांग मुलांना, आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्या मदतनीसांनाही, वाहतुकीची सोय द्यावी असं स्पष्ट लिहिलं आहे. मात्र त्याच कलमाच्या सुरुवातीला शासन आणि स्थानिक संस्था सर्वसमावेशक शिक्षणासाठी ‘प्रयत्न करतील’ असं म्हटलं आहे. पुन्हा क्रियापदच. शाळेत पोचणं आणि पोचवण्याचा प्रयत्न होणं, यांच्या मध्ये एखाद्या मुलाची चार-पाच वर्षं सहज निघून जातात.

या प्रयत्नाचं आपल्याकडचं नेहमीचं रूप म्हणजे भत्ता. समग्र शिक्षा योजनेत प्रवासभत्ता आहे, मदतनीस भत्ताही आहे. पैसे नकोत असं कोणीच म्हणणार नाही. पण भत्ता देताना सरकार एक गोष्ट हळूच आईच्या हातात सरकवतं: पैसे घ्या, नेण्याचं तुम्ही बघा. मग ती आई रिक्षावाल्यांना विचारत फिरते. एकाने मला सरळ हिशेब सांगितला. ‘बाई, पोराला उचलून बसवायचं, खुर्ची मागं बांधायची, यात माझे दहा मिनिटं जातात. सकाळच्या दहा मिनिटांत माझे दोन शिटं होतात.’ तो निर्दय नव्हता. त्याचं घर त्या दोन सीटांवर चालतं. एका मुलाच्या हक्काचा खर्च एका रिक्षावाल्याने सोसावा, असं म्हणण्यातही न्याय नाही.

खरा पेच मार्ग आखताना आला. चार मुलं जवळजवळ राहतात. पाचवी मुलगी अंबड चौफुलीच्या पुढे. तिची पाठ धरत नाही, अर्ध्या तासाहून जास्त तिला बसवत नाही. म्हणजे तिला सगळ्यांत शेवटी घ्यायला हवं. पण मग बाकीच्या चौघांना उलट दिशेने तिच्या दारापर्यंत जाऊन परत यावं लागणार, पंचवीस मिनिटं जास्त. त्या चौघांतला एक मुलगा स्वमग्न आहे. गाडी गर्दीत अडकली की तो स्वतःच्या हाताला चावतो. त्याचे वडील बैठकीत म्हणाले, ‘बाई, तिच्यासाठी माझ्या पोरानं रोज रक्त काढायचं का?’ मुलीची आई शेजारीच बसली होती. ती काहीच बोलली नाही.

चार विरुद्ध एक अशी मोजणी केली तर उत्तर दोन मिनिटांत मिळतं. ते उत्तर मला पटत नाही. एकटं मूल सरासरीत नेहमीच महाग पडतं, म्हणून त्याचा हक्क स्वस्त होत नाही. पण सर्वांत दुबळ्याचं आधी, असं म्हणून त्या मुलाच्या हाताकडे डोळेझाकही करता येत नाही. मला वाटतं, चूक उत्तरात नसून मांडणीत आहे. एकच गाडी आहे हे आपण निसर्गनियमासारखं गृहीत धरतो आणि मग दोन असहाय घरांना एकमेकांसमोर बसवतो. गाडी एकच का, हा प्रश्न ज्यांनी सोडवायचा ते त्या बैठकीत नसतातच.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. मुक्कामाची एसटी शेवटच्या गावापर्यंत जाते, मग तिथे तीनच माणसं उतरोत. त्या तिघांना रिकाम्या सीटांचा खर्च कोणी मागत नाही, आणि त्यांच्यावर उपकार झाला असंही कोणी म्हणत नाही. शेवटच्या गावाचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा, हे आपण केव्हाच मान्य केलं आहे. शेवटच्या मुलाबाबत मात्र अजून नाही.

मूल घरीच शिकेल, असा मार्गही कायद्यात आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. काही मुलांसाठी तो योग्यच आहे. पण दाराशी गाडी उभी असताना ‘घरीच बरं’ म्हणणं ही निवड. गाडी येणारच नाही म्हणून तसं म्हणणं ही निवड नव्हे.

कोणी म्हणेल, गाडी आली तरी मुलीला उचलूनच ठेवावं लागणार, मग ती ‘जाते’ कशी? पण बसमधली इतर मुलं तरी कुठे चालत असतात? त्यांनाही कोणीतरी नेतंच. फरक एवढाच, की त्यांचं अवलंबून असणं वेळापत्रकावर असतं आणि हिचं कोणाच्या तरी सवडीवर. सवडीवर जगणाऱ्याला रोज कृतज्ञ राहावं लागतं. वेळापत्रकावर जगणाऱ्याला गाडीला उशीर झाला म्हणून कुरकुरता येतं. सात वर्षांच्या मुलीला कुरकुरता यावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

व्यवस्था आली की चांगुलपणाची गरज संपते असं नाही. आमच्या गाडीचा चालक त्या मुलाला घेताना हॉर्न वाजवत नाही, हे कुठल्याही नियमात नाही. पण त्याचा चांगुलपणा गाडी धावते म्हणून कामी येतो. गाडीच नसती, तर तो नुसता हळहळला असता.

आज चौघं त्या गाडीने जातात. मुलगी वेगळ्या रिक्षाने, आणि तिचं भाडं गल्लीतली काही घरं वर्गणी काढून भरतात. वर्गणी देणारी माणसं भली आहेत, पण दोघांनी दिवाळीनंतर जमणार नाही असं कळवलं आहे. राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. थांबे आणि भाडी हा तिचाच विषय. त्या समितीला मी अर्ज दिला आहे. त्यात मदत मागितलेली नाही. अंबड चौफुलीच्या पुढे एक थांबा मागितला आहे.