डॉक्टर ओरडतील म्हणून

आषाढी एकादशीला मधुमेहाचा रुग्ण सकाळची गोळी घेतो आणि उपवास म्हणून दुपारपर्यंत पोटात काही घालत नाही. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असलेली बाई एसटीने माहेरी निघाली की त्या दिवशी गोळी टाळते, कारण भरल्या गाडीत कंडक्टरला थांबा म्हणायचं कुणी? तिसऱ्याने गोळ्यांच्या जोडीला कुणीतरी सांगितलेला काढाही सुरू केलेला असतो. या तिघांना दवाखान्यात विचारा, ‘गोळ्या नियमित चालू आहेत ना?’ तिघेही ‘हो’ म्हणतील. त्यांना खोटं बोलायची हौस नसते. डॉक्टर ओरडतील, एवढंच.

माणसांमधला संवाद का तुटतो याची चर्चा निघाली की आपण भाषा, शिक्षण, वेळेचा अभाव असा पाढा म्हणून मोकळे होतो. ती कारणं खरी आहेतच. पण डॉक्टरच्या टेबलापाशी जे घडतं ते पाहिलं, की यांच्याही आधी मान आणि भीती उभी असते असं मला वाटतं. मोठ्यांना उलट प्रश्न विचारू नयेत हे आपल्याला घरात शिकवलेलं असतं, शाळेत पक्कं होतं आणि सरकारी कचेरीत त्यावर शिक्का बसतो. न कळलेलं पुन्हा विचारणं हा आगाऊपणा ठरतो, मान डोलावणं ही रीत. डॉक्टरही हलणारी मान पाहतात आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावतात. दोन्ही बाजूंना काम झाल्यासारखं वाटतं.

मान आणि भीतीची ही भिंत किती जाड असू शकते, याचा पुरावा महाराष्ट्रातूनच जगापुढे गेला. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या साडेसहाशे स्त्रियांची तपासणी करून डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग या दांपत्याने 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. 92 टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम आठ टक्के होत्या. गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच तोवर धरून चाललं होतं. या बायका मुक्या नव्हत्या. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, हे विहिरीवर आणि शेताच्या बांधावर एकमेकींना सांगितलं जातच असतं. पण आरोग्य केंद्रात समोर पुरुष डॉक्टर, मागे सासू आणि दाराशी रांग असेल, तर कुठली बाई तोंड उघडेल? तिने सांगितलं नाही म्हणून कुणी विचारलं नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून हे सांगण्याजोगं दुखणंच नाही असा तिचाही समज झाला. मला या कहाणीत आजारांच्या आकड्याहून हा फेरा जास्त अस्वस्थ करतो.

त्याच कामातली आणखी एक गोष्ट. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनाच विचारलं तेव्हा पांढऱ्या कपड्यांची भीती पुढे आली, कारण पांढऱ्या कापडात गुंडाळतात ते प्रेताला. मग बंग दांपत्याच्या शोधग्राममधलं रुग्णालय मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांच्या वस्तीसारखं उभं राहिलं, नातेवाइकांना सोबत राहता येईल असं, आणि त्याला नाव दिलं आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचं. तसंच न्यूमोनियाचं. तो ओळखायला बाळाचे श्वास मोजावे लागतात. दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं, तर त्यांच्या हाती वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पाटी आली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ‘या अडाणी बायकांना काय कळणार’ म्हणून विषय संपवणं सोपं होतं. इथे समजावून सांगण्याची जबाबदारी सांगणाऱ्याने स्वतःवर घेतली.

आता डॉक्टरांची बाजू. सकाळच्या ओपीडीत दारापर्यंत रांग असताना कुणाची रामकहाणी ऐकायची, हा त्यांचा सवाल रास्त आहे. पण 1984 साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी डॉक्टरांच्या खोलीतली संभाषणं तपासली, तेव्हा रुग्णाला सरासरी अठराव्या सेकंदाला तोडलं जात होतं. तिथे काही आपल्यासारखी रांग नव्हती. पुढे 2002 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांनी मध्ये न बोलता रुग्णांना बोलू दिलं, तर त्यांचं सांगणं सरासरी 92 सेकंदांत आपणहून संपलं. आपल्या सरकारी रुग्णालयात दीड मिनिट ही चैन आहे, हे कबूल. म्हणून डॉक्टरला शिव्या घालून भागत नाही, डॉक्टरांची संख्या वाढवावी लागते. मात्र जिथे हजार रुपये तपासणी फी घेतली जाते, तिथे ही सबब मला पटत नाही.

भाषेची अडचण सगळ्यात ठळक, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी सांगण्यासारखं. केंद्रीय कोट्यातून आलेला निवासी डॉक्टर आणि खेड्यातली आजी यांच्यामध्ये वॉर्डातल्या मावशी दुभाषाचं काम करतात, आणि बऱ्याचदा चांगलं करतात. आजीला मावशींची भीती वाटत नाही.

घरच्या माणसांची भिंत मात्र प्रेमाने बांधलेली असते, म्हणून तिला हात लावायला कुणी धजत नाही. कर्करोगाचं निदान झालं की मुलगा फाइल घेऊन एकटाच डॉक्टरांकडे जातो आणि विनवतो, ‘आईला काही सांगू नका.’ डॉक्टर ऐकतात. आईला ‘गाठ आहे, औषधाने विरघळेल’ असं सांगितलं जातं. केस गळू लागल्यावर तिला कळायचं ते कळतंच, पण मुलाला वाईट वाटेल म्हणून तीही बोलत नाही. दुखणं तिचं, आणि मृत्युपत्र, दागिने, कुणाला भेटायचंय, हे बोलायचं राहून जातं. मला हा आईवर सरळसरळ अन्याय वाटतो. तिला किती जाणून घ्यायचं आहे हे आधी तिलाच विचारायला हवं.

2019 साली एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा त्यात संवादकौशल्य आणि नीतिमूल्यांचा रीतसर भाग आला. चांगलं झालं. पण विद्यार्थी खरं शिकतो ते राउंडला, आणि तिथे वरिष्ठ जर रुग्णाला ‘बेड नंबर बारा’ म्हणत असतील, तर वर्गातलं शिक्षण तिथेच धुऊन निघतं. शिवाय याच राउंडवर सरांची चूक दिसूनही कनिष्ठ डॉक्टर गप्प राहतो. त्याचंही कारण तेच, सर ओरडतील.

डॉक्टरांनी ‘समजलं ना?’ हा प्रश्न सोडून द्यावा, कारण त्याचं उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर कुठली गोळी केव्हा घ्याल, मला सांगा बरं’ असं विचारावं. वैमानिकही नियंत्रण कक्षाची सूचना अशीच उलट म्हणून दाखवतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. आणि वाचकहो, पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी कागदावर लिहून न्या. काढा, उपवासाचे दिवस आणि टाळलेल्या गोळ्याही त्यात लिहा. डॉक्टर ओरडले तर ओरडू द्या.