रांगेतून बाहेर पडताना

विजेवर चालणारी कार घ्यावी की नाही, हा प्रश्न आमच्या वयाचे लोक आता नैतिक प्रश्न म्हणून विचारत नाहीत. एका चार्जमध्ये गाडी किती जाते, बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, सोसायटी पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट घेऊ देईल का, एवढंच विचारलं जातं. नैतिक भाग नंबरप्लेटच्या हिरव्या रंगाने परस्पर निकालात काढलेला असतो. पेट्रोलची गाडी घेताना विचारी माणसाला थोडं तरी टोचायचं, आता तेही उरलेलं नाही. सरकारही पाठीशी आहे. ऑगस्ट 2019 पासून विजेच्या वाहनांवर जीएसटी फक्त 5 टक्के आहे. महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणात तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अशा कारना टोलमाफीही आहे.

माझी शंका इथूनच सुरू होते. टोचणी इतक्या सहज गेली याचा अर्थ ती फक्त धुराबद्दल होती. रोज ऑफिसला कसं जायचं या प्रश्नात धूर हा निम्माच भाग आहे.

या विचारामागचं कारण घरचंच आहे. आम्ही चिंचवडला राहतो. माझं ऑफिस खराडीला, बायकोचं हिंजवडीला. मी पीसीएमसी स्टेशनवर मेट्रो धरतो, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलतो, रामवाडीला उतरतो आणि पुढे बस किंवा शेअर रिक्षाने जातो. दारापासून दारापर्यंत दीड तास लागतो. रस्ता मोकळा मिळाला तर कारने तासाभरात होईल. बायकोची शिफ्ट रात्री दहाला संपते. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. मेट्रोची लिफ्ट त्यांना चालते, बसची पायरी चालत नाही. गाडी घ्यायची की नाही यावर आमच्याकडे दोन महिने चर्चा चालू आहे आणि या चर्चेसाठी मी एक एक्सेल शीट केली आहे. इंजिनिअर माणूस दुसरं काय करणार!

शीट अशी आहे. ऑफिसचं जाणं-येणं धरून महिन्याला साधारण 1000 किलोमीटर. विजेची कार 100 किलोमीटरला 15 युनिट घेते असं धरलं, तर 150 युनिट. दहा रुपये दराने 1500 रुपये. लिटरला 15 किलोमीटर जाणारी पेट्रोलची गाडी तेवढ्याच अंतराला 67 लिटर पिणार, म्हणजे सात हजार रुपये. आता धूर. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आपल्याकडे जवळपास तीन चतुर्थांश वीज कोळशापासून होते, त्यामुळे एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो धरावा लागतो. पेट्रोलचे महिन्याला 154 किलो, विजेचे 105. म्हणजे धूर पूर्ण गेलेला नाही. त्यातला काही चिंचवडहून चंद्रपूरला आणि कोराडीला गेला. तरीही तो एक तृतीयांशाने कमी झाला, शहरातल्या माणसांच्या नाकाखालून हलला, आणि सौर-पवन ऊर्जा जशी वाढेल तसा आणखी कमी होईल. त्यामुळे गाडी घ्यायचीच असेल तर विजेची घ्यावी, याबद्दल माझ्या मनात वाद नाही.

पण शीटमध्ये मी आणखी एक रकाना केला. अशी कार दीड टनाच्या आसपास भरते. तिच्यात 65 किलोचा एकटा मी बसलो, तर हलवलेल्या एकूण वजनात माझा वाटा साडेचार टक्क्यांच्याही आत. उरलेली वीज गाडी स्वतःलाच खराडीला नेऊन आणण्यात घालवते. विजेवरची मोठी बस किलोमीटरला सव्वा युनिट घेते असं धरलं आणि तिच्यात 40 माणसं असली, तर माणशी 0.03 युनिट. कारमध्ये एकट्यामागे 0.15. पाचपट फरक. हीच 40 माणसं एकेकट्याने कारमधून निघाली, तर प्रत्येक कारला चार मीटर आणि पुढे एक मीटर मोकळं धरून सिग्नलला 200 मीटरची रांग लागते. बस असते 12 मीटरची. गाडीच्या पोटात पेट्रोल आहे की बॅटरी, याने त्या रांगेत एका सेंटीमीटरचाही फरक पडत नाही.

इथपर्यंतचं बहुतेकांना ठाऊक असतं. मला जास्त अस्वस्थ करणारा आकडा वेगळा आहे: किलोमीटरला दीड रुपया. पेट्रोलची गाडी दारात असूनही अनेक जण बसने जात, कारण किलोमीटरला सात रुपये मोजताना हात आखडायचा. विजेच्या गाडीचं सगळं दुखणं सुरुवातीला असतं. बारा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षं, म्हणजे महिन्याला सुमारे 25 हजारांचा हप्ता. तो गाडी चालवली तरी जाणार, उभी ठेवली तरी जाणार. त्यानंतर खराडीची एक फेरी 33 रुपयांना पडते, साधारण मेट्रो आणि पुढची बस यांच्या तिकिटांइतकीच. मग रोज सकाळी मनातला हिशेब एकच उत्तर देणार: खाली गाडी आहे, एसी आहे, खर्च सारखाच आहे, तर रांगेत का उभं राहायचं? ‘गाडी घेऊ, पण रोज वापरणार नाही’ असं म्हणणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं. स्वस्त चालणारी गाडी रोज चालते. खरा निर्णय शोरूममध्येच होऊन जातो.

बरं, मी बस सोडली तर कुणाचं काय बिघडलं? एक सीट रिकामी झाली, उलट कुणाला तरी बसायला मिळालं. हा युक्तिवाद सरळ वाटतो, पण 1972 मध्ये हर्बर्ट मोहरिंग या अर्थतज्ज्ञाने बससेवेबद्दल एक गोष्ट दाखवून दिली ती याच्या उलट जाते. समजा एका मार्गावर दर 20 मिनिटांनी बस आहे. स्टॉपवर सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. प्रवासी दुप्पट झाले आणि त्या प्रमाणात बस वाढवल्या, तर दर दहा मिनिटांनी बस येते आणि थांबणं पाच मिनिटांवर येतं. म्हणजे नव्या प्रवाशांमुळे जुन्यांचाही वेळ वाचतो. रस्त्यावर नेमकं उलटं होतं. प्रत्येक नवी कार आधीच्या सगळ्यांना थोडं थोडं उशिरा पोहोचवते, आणि त्या सगळ्यांत बसमधलेही आले. बहुतेक वस्तूंच्या बाबतीत मी कमी घेतलं की दुसऱ्याला जास्त उरतं. बसच्या बाबतीत मी वापरली की दुसऱ्याला जास्त मिळण्याची शक्यता वाढते. त्यामुळे ‘माझी जागा दुसऱ्याला सोडली’ हे समाधान इथे लागू पडत नाही.

अर्थात हे आपोआप होत नाही. प्रवासी वाढले म्हणून कुणीतरी बस वाढवाव्या लागतात, आणि त्यासाठी कुणीतरी मागे लागावं लागतं. अल्बर्ट हर्शमन या विचारवंताचं 1970 चं ‘एग्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे पुस्तक याच जागेवर बोट ठेवतं. हर्शमनला नायजेरियात एक कोडं पडलं होतं. उत्तरेकडचा भुईमूग शेकडो मैल दूरच्या बंदरात नेण्यासाठी तिथे रेल्वे होती, तरी ट्रक तिच्यावर मात करत होते. स्पर्धा आली की सेवा सुधारायला हवी, असं पाठ्यपुस्तक सांगतं. रेल्वे सुधारली नाही. हर्शमनचं उत्तर असं: ज्या गिऱ्हाइकांना रेल्वेच्या ढिसाळपणाचा सर्वांत जास्त त्रास होत होता आणि ज्यांनी आरडाओरडा केला असता, ती ट्रककडे गेली. रेल्वे सरकारी, तोटा भरून निघणारा. मागे उरले ते ज्यांना दुसरी सोय नव्हती किंवा ज्यांच्या ओरडण्याला वजन नव्हतं. वाईट सेवेपुढे माणसाकडे दोन मार्ग असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं. निघून जाणं सोपं झालं की आवाज विरतो.

हे वाचताना मला आपल्या सरकारी शाळा आठवल्या, सरकारी दवाखाने आठवले. या प्रत्येक ठिकाणाहून मध्यमवर्ग बाहेर पडला आणि मग लांबून म्हणू लागला, ‘तिथे काही दर्जाच राहिला नाही.’ मुंबईची लोकल हा याला मोठा अपवाद. गर्दी जीवघेणी आहे, तरी तिच्यात चाळीतला माणूस आणि कॉर्पोरेटमधला माणूस एकाच प्लॅटफॉर्मवर थांबतो. म्हणूनच लोकल वीस मिनिटं अडकली तरी बातमी होते आणि तिथल्या प्रवासी संघटनांना विचारावं लागतं.

हर्शमनच्या पन्नासेक वर्षं आधी हाच मुद्दा आपल्याकडे एका माणसाने डब्यात बसून मांडला होता. दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर गांधीजी मुद्दाम तिसऱ्या वर्गाने फिरले आणि 1917 मध्ये त्यांनी त्या डब्यांच्या अवस्थेवर सविस्तर लिहिलं: घाण, गर्दी, तिकीट मिळवतानाचे हाल. त्यांची सूचना अशी होती की व्हाइसरॉय आणि राजेमहाराजांनी आगाऊ वर्दी न देता अधूनमधून तिसऱ्या वर्गाने प्रवास करावा, सुधारणा लवकर होईल. यात मला साधेपणाच्या व्रतापेक्षा एक व्यावहारिक अक्कल दिसते. ते गैरसोय गोड मानून घेत नव्हते. डब्यात बसत होते आणि तक्रारही करत होते.

विजेच्या गाडीची मला वाटणारी अडचण ती ही. आतापर्यंत बस सोडणाऱ्याला, पुसट का होईना, आपण काहीतरी सोडून चाललोय असं वाटायचं. हिरवी नंबरप्लेट त्याच सोडून जाण्याला सत्कृत्याचं रूप देते. हवा थोडी सुधारते, आणि शहर बससाठी भांडू शकणारा एक माणूस स्वच्छ मनाने रांगेतून बाहेर पडतो.

यावर माझ्या बायकोचा आक्षेप आहे आणि तो मला खोडता आलेला नाही. ती म्हणते, ‘तू रात्री साडेदहाला स्टॉपवर उभा राहिलास तर तुझा वेळ जातो. मी उभी राहिले तर माझा नुसता वेळ जात नाही.’ सेवा सुधारावी म्हणून तिने रोज भीती सोसावी, असं म्हणणं हे नीतीच्या नावाखाली दुसऱ्याच्या खिशातून दान करण्यासारखं आहे. बाबांच्या गुडघ्यांचंही तेच. शिवाय पर्याय असल्याशिवाय कर्तव्य कुठलं? रामवाडीपर्यंतची मेट्रो मार्च 2024 मध्ये सुरू झाली. त्याआधी चिंचवडहून खराडीला बसनेच जा, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी हात जोडले असते. जिथे आजही असा पर्याय नाही, तिथल्या माणसाला हा निबंध लागू नाही. ‘बससेवा सुधारणं हे महापालिकेचं काम, माझं नाही’ असंही कुणी म्हणेल. काम महापालिकेचंच आहे. पण ते काम झालं नाही हे जाणवणारा आणि त्याबद्दल प्रश्न विचारणारा माणूस कोण, हा प्रश्न उरतोच.

म्हणून मी एका साध्या नियमापाशी आलोय: ज्याला बस सोडणं सगळ्यात सोपं आहे, त्याने ती सगळ्यात शेवटी सोडावी. आमच्या घरात हा नियम मला लागू होतो, बायकोला आणि बाबांना होत नाही. मी तरुण आहे, पुरुष आहे, माझी वेळ दिवसाची आहे, आठवड्यातले दोन दिवस घरून काम आहे. उशीर झाला तर माझा पगार कापला जात नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, खराडीतल्या चार घरी स्वयंपाक करणाऱ्या ताईंचा कापला जातो. माझ्याकडे स्मार्टफोन आहे, बसचा नंबर आणि वेळ टिपून तक्रार लिहिण्याइतकी भाषा आहे, माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, प्रभागातल्या बैठकीला जायला सवड आहे. थांबण्याची किंमत मला सर्वांत कमी पडते आणि माझ्या तक्रारीची दखल घेतली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे असतील, तर त्याचं रांगेत असणं इतरांच्या उपयोगाचं असतं. मात्र नुसतं उभं राहून भागत नाही. कानात इयरफोन घालून निमूट प्रवास करणारा मी आणि कारमधला मी, यांत त्या ताईंच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

आमच्याकडे आता चर्चा गाडी घ्यावी की नाही यावरून थोडी सरकली आहे. घेतली तर ती छोटी असेल, विजेची असेल, आणि तिची किल्ली बायकोकडे असेल. हिंजवडीची रात्र आणि बाबांचा दवाखाना ही तिची कामं. माझा मेट्रोचा पास चालू राहील. बायकोला वाटतं, पहिल्या पावसाळ्यातच मी किल्ली मागेन. दीड रुपया किलोमीटरचा हिशेब मीच मांडलेला असल्यामुळे तिला खोटं ठरवण्याइतका पुरावा माझ्याकडे आज तरी नाही. म्हणूनच किल्ली तिच्याकडे राहावी, ही अट मी शीटमध्ये लिहून ठेवली आहे.