कधी तो, कधी मी

आयर्लंडच्या उत्तरेला फर्मॅना नावाची काउंटी आहे. बुटक्या हिरव्या टेकड्या, मधे मधे तळी आणि ओलसर कुरणं. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली, तेव्हा या कुरणांमधून सरहद्द गेली. कुठे ती ओढ्यातून गेली, कुठे एखाद्याच्या कुंपणातून.

अशाच एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन शेतकरी राहत होते. उत्तरेकडचा प्रोटेस्टंट, फर्मॅनातला. दक्षिणेकडचा कॅथलिक, मोनाहन काउंटीतला. कागदोपत्री दोघांचे देश वेगळे होते. मधला ओढा मात्र उन्हाळ्यात गुडघाभरही नसे, आणि दोन्ही घरांची सावड वाडवडिलांपासूनची होती. उन्हाळ्यात गवत कापलं की ते उलथायला, वाळवायला आणि पाऊस यायच्या आत रचून ठेवायला या घरची माणसं त्या घरी जात, त्या घरची या घरी येत. एखादी गाय अडली तर मध्यरात्रीही हाक जाई. देवळं वेगळी होती, मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. त्याबद्दल कुणी कुणाशी बोलत नसे.

१९६९ पासून उत्तरेत आग पेटली. आपला भाग ब्रिटनमध्येच राहावा असं बहुतेक प्रोटेस्टंटांना वाटत होतं, आयर्लंड एक व्हावं असं बहुतेक कॅथलिकांना. दंगली झाल्या, बॉम्ब फुटू लागले, माणसं मारली जाऊ लागली. सरहद्दीवरचे लहान लहान रस्ते ब्रिटिश सैन्यानं सुरुंग लावून उडवले. लोक खड्डे बुजवत, सैन्य रस्ते पुन्हा उडवी. या दोन घरांमधल्या रस्त्यावरही मोठा खड्डा पडला. समोर दिसणाऱ्या घरी मोटारीनं जायचं तर आता दूरचा वळसा घ्यावा लागे.

उत्तरेकडचा शेतकरी अल्स्टर डिफेन्स रेजिमेंटमध्ये गेला. ही १९७० साली उभी राहिलेली स्थानिकांची पलटण. बरेचसे अर्धवेळ सैनिक, त्यातले बहुतेक प्रोटेस्टंट. दिवसा शेती करायची, रात्री गस्त घालायची. आयर्लंड एक व्हावं म्हणून ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेचे लोक अशा माणसांना त्यांच्या शेतात, त्यांच्या दारात गाठून मारत. सरहद्दीलगतची काही प्रोटेस्टंट कुटुंबं घरदार सोडून आत निघून गेली. दुःख काही एकाच बाजूचं नव्हतं. १९७२ साली याच काउंटीत ब्रिटिश सैनिकांनी दोन कॅथलिक माणसांना एका शेतावर भोसकून मारलं होतं. ज्यानं त्यानं आपल्या बाजूचे मुडदे मोजायचे, असे ते दिवस होते.

हा शेतकरी जपून राहू लागला. रोज वेगळ्या वाटेनं जाई. गाडीत बसण्याआधी ओणवा होऊन, बॅटरी मारून खाली बॉम्ब लावलाय का ते पाही. सगळ्या वेळा त्यानं बदलल्या. पण त्याच्या गोठ्यात बारा गायी होत्या, आणि गाय माणसाची अडचण ऐकत नाही. ठरल्या वेळी धार काढली नाही तर कास तटते, आचळं दुखतात, गाय हंबरून घर डोक्यावर घेते. म्हणून रोज पहाटे साडेपाचला तो गोठ्यात असेच.

एका गुरांच्या बाजारात दक्षिणेकडच्या शेतकऱ्याला एक तरुण भेटला. त्याच्याच देवळातला, ओळखीतला. हवापाण्याचं बोलता बोलता त्यानं विचारलं,

“ओढ्यापलीकडे पहाटे धारा कोण काढतं? तोच ना?”

प्रश्न एवढासा होता. पण शेतकऱ्याला त्याच्यामागचं सगळं समजलं. माहीत नाही म्हणावं तर कुणाला पटणार नव्हतं, कारण ओढ्याकाठी सगळ्यांना सगळं माहीत असतं. हो म्हणावं तर शेजाऱ्याचं मरण आपल्या तोंडून निघालं असतं.

“कधी तो काढतो,” तो म्हणाला, “कधी मी.”

हे खोटं होतं. वर्षभरापूर्वी त्यानं स्वतःच्या दुभत्या गायी विकल्या होत्या आणि त्यानंतर एकाही कासेला हात लावला नव्हता. घरी येऊन त्यानं बायकोला काय घडलं ते सांगितलं. ती म्हणाली, “मग आता?”

“आता जायला हवं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात तो ओढा उतरून पलीकडे गेला. उत्तरेकडचा शेतकरी गोठ्याशी आला तेव्हा आत दिवा दिसला. कोटाच्या खिशातल्या पिस्तुलावर हात ठेवून त्यानं दार लोटलं. आत शेजारी स्टुलावर बसला होता.

“इतक्या पहाटे तू इथे?”

“झोप येत नाही. गायी विकल्यापासून हातांना चैन नाही. तू घरात जा.”

बारापैकी एकही गाय त्या दिवशी धड दूध देईना. परका हात लागला म्हणून त्यांनी पान्हा चोरला, एकीनं तर लाथेनं बादली उलथून दिली. तेव्हा उत्तरेकडच्यानं आपला जुना कोट काढून दिला. बाह्यांना शेणाचा आणि दुधाचा वास मुरलेला, एक गुंडी तुटलेला. गायींनी तो हुंगला, आणि दोन-चार दिवसांत त्या पान्हवू लागल्या. तो कोट मग गोठ्यातल्या खिळ्यालाच राहिला.

“कोणत्या दिवशी येत जाशील?” उत्तरेकडच्यानं विचारलं.

“येईन तेव्हा येईन.”

आणि तसाच तो येऊ लागला. कधी लागोपाठ तीन दिवस, कधी आठवडाभर नाही. गोठ्यात दिवा दिसला की उत्तरेकडचा घरातच थांबे. लांबून बघणाऱ्याला एवढंच दिसायचं की त्याच कोटातला, तेवढ्याच उंचीचा कुणीतरी माणूस बादल्या घेऊन अंगण ओलांडतोय. अंधारात ओढा उतरणाऱ्यावर सैन्याची गस्तही गोळी झाडू शकत होती. ते त्याला ठाऊक होतं.

पुढे तो तरुण पुन्हा भेटला. “म्हणजे खरंच जातोस तू,” तो म्हणाला. आवाजात राग होता.

“मी सांगितलं होतं,” शेतकरी म्हणाला. “त्या कोटात कोण असेल ते मलाही उठल्यावरच कळतं.”

तरुणानं पुन्हा कधी विचारलं नाही.

एका हिवाळ्यात ओढ्याला पाणी होतं, खोकला छातीत बसला होता, तेव्हा बायकोनं विचारलं, “आणखी किती दिवस?” तो बूट चढवत म्हणाला, “मी बोललोय ते खरं राहायला हवं तोवर.” अकरा वर्षं हे चाललं. मग उत्तरेकडच्यानं गायी विकल्या आणि ते थांबलं.

१९९४ साली आयआरएनं शस्त्रसंधी जाहीर केली. अडवलेले रस्ते एकेक करून मोकळे झाले. १९९८ साली बेलफास्टचा करार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत दक्षिणेकडचा शेतकरी वारला. शेजारी कॅथलिक देवळात येऊन घरच्या माणसांबरोबर बसला, त्यानं शवपेटीला खांदा दिला. दफन झाल्यावर चहा घेताना विधवेनं त्याला बाजारातला तो प्रश्न सांगितला.

तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मला सांगितलं का नाही त्यानं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही त्याला येऊ दिलं असतंत?”

“नाही,” तो म्हणाला.

वाईट काळात भल्या माणसांना शेजाऱ्याबद्दल हळहळ वाटते, आणि ती खरीही असते. पण हळहळीनं गोठ्यातला माणूस वाचत नाही. या शेतकऱ्यानं धाडसाचं काही ठरवलं नव्हतं. अडचणीच्या क्षणी त्याच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं. तेवढ्यावर तो सुटलाही असता, कारण पडताळा बघायला त्या दिवशी कुणी आलं नव्हतं. तरी त्या वाक्याची किंमत त्यानं अकरा वर्षं, पहाटेच्या अंधारात, स्वतःचा जीव धोक्यात घालून मोजली.

त्या संघर्षात साडेतीन हजारांहून अधिक माणसं मेली. १९९९ साली निघालेल्या ‘लॉस्ट लाइव्ह्ज’ या जाडजूड ग्रंथात त्यांची एकेकाची नोंद आहे. उत्तरेकडच्या शेतकऱ्याचं नाव त्यात नाही. तो पुढे म्हातारा होऊन, आपल्याच घरी वारला.