देवळांतलें कांसव आणि वाळूंतलें

आमच्याकडे देवळांत गाभाऱ्यापुढें दगडी कांसव असतें. त्यावर पाय पडूं नये म्हणून भाविक जपून चालतो. कोंकणच्या किनाऱ्यावर जिवंत कांसवाचीं अंडीं मात्र खाण्याविकण्यासाठीं सर्रास उचललीं जात. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं हा क्रम सन २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र संस्थेनें पालटला. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्रीं वाळूंत शंभराच्या आसपास अंडीं घालून समुद्रांत परतते. तीं कुंपणांत पुरून राखतात, आणि सुमारें दोन महिन्यांनीं पिल्लें लाटांकडे सोडतात. वाळू अधिक तापली तर माद्या निपजतात, थंड राहिली तर नर. तेव्हां खड्डा कोठें खणावा हाही आतां माणसाच्या विवेकाचा विषय झाला! पिल्लें पाहावयास पाहुणे येतात, त्यांच्या राहण्याजेवणानें गांवास चार पैसे मिळतात. यावर कित्येक म्हणतात, ही दया नव्हे, व्यापार आहे. हा आक्षेप आम्हांस घरबसल्या धर्मज्ञांचा वाटतो. अंडीं नेणाराही पोटासाठींच नेत होता. त्याच्या पोटाची सोय न पाहतां त्याच्याकडून निष्काम दया मागणें आमच्यासारख्या पगारदारांस फार सोपें. मात्र पाहुणे यावयाचे थांबले, तर पहांटे किनारा धुंडाळावयास किती जण उठतील, ही शंका आम्हांसही आहे.