‘पाणी’ आणि ‘पानी’

इंदूरच्या आमच्या मंडळीतील शब्बाथशाळेत एका रविवारी शोमरोनी स्त्रीची गोष्ट चालली होती. वाचणाऱ्या मुलीने ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा उच्चारला. मी तिला तेथेच थांबविले व ‘पाणी, पाणी, पाणी’ असे तीनदा म्हणावयास लावले. मुले हसली. तेव्हापासून वाचावयाची वेळ आली की ती मान खाली घालून बसते.

माझे काय चुकले? उच्चार सुधारणे हे तर शिक्षकाचे कामच आहे. ‘मन’ आणि ‘मण’ यांत एका अक्षराने अर्थ पालटतो. आणि पुढे मुलाखतीच्या वेळी जग या मुलांची जीभ तपासणारच आहे. तेव्हा शिकविण्याचे टाळणे ही काही माया नव्हे.

परंतु आपण केवळ शिकवीत नाही, तोलतो. हीच मुलगी हिंदीच्या तासाला ‘पानी’ म्हणते तेव्हा तिला कोणी अडवीत नाही. मूळ संस्कृत ‘पानीय’ शब्दातही ‘न’च आहे, प्राकृतातून मराठीत येताना त्याचा ‘ण’ झाला. अनेक खेड्यांतून आजही ‘पानी’च म्हणतात. मग एक उच्चार ‘शुद्ध’ व दुसरा ‘अशुद्ध’ कसा ठरला? एकोणिसाव्या शतकात शाळेची पुस्तके झाली, तेव्हा पुण्याकडील सुशिक्षितांची भाषा प्रमाण धरली गेली. व्यवहाराला एक प्रमाण हवे, हे खरे. पण त्यावरून मुलाचे घर, वस्ती आणि जातसुद्धा ताडण्याची खोड आपल्याला लागली. ती मंडळीच्या दाराआत कशी चालेल?

शास्ते १२ व्या अध्यायात यार्देनेच्या उतारावर ज्यांना ‘शिब्बोलेथ’ हा शब्द नीट म्हणता आला नाही ते मारले गेले. त्या वेळी ४२,००० एफ्राइमी पडले. दोन्ही पक्ष इस्राएलचेच, भाऊबंदच होते. पेत्रालाही अंगणात त्याच्या बोलीवरून ओळखले. पण पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत उभा राहिला तो हाच गालीलकर. त्याचे उच्चार सुधारेपर्यंत देवाने वाट पाहिली नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, मुलाला वाचन पुरे करू द्यावे. चूक दाखवायची ती मागाहून, एकट्यात. आणि ‘तू अशुद्ध बोलतेस’ असे न म्हणता ‘घरी तसे म्हणतात, पुस्तकात असे म्हणतात’ असे सांगावे. मी त्या मुलीची क्षमा मागितली ती वर्गापुढेच, कारण तिचे हसेही वर्गापुढेच झाले होते. ती अजून मोठ्याने वाचीत नाही. तरी दर रविवारी मी पुस्तक तिच्यापुढे धरतो आणि थांबतो.